पोट्टे गेममध्ये, मग ग्रंथपाल कुठं?

मागच्या अंकात एका उत्तरात मी जाता जाता लिहिलं होतं की परदेशातले काही ग्रंथपाल कॉम्प्युटरमधल्या आभासी जगात टेबल मांडून बसायचे आणि तिथं येणाऱ्यांचे प्रश्न सोडवायचे. त्या एका ओळीवर एवढे मेसेज आले, दोन पोस्टकार्डं पण आली, की यावेळचं सगळं पान त्यालाच देतेय. पत्रं आली तशीच ठेवली आहेत, वऱ्हाडीतली वऱ्हाडीतच, नावं तेवढी काढलीत.

प्रश्न : ताई नमस्कार. माया गावात ड वर्गाचं वाचनालय हाये. मीच ग्रंथपाल, मीच झाडू मारतो, मीच पेपर लावतो. पोट्टे येतेत पण पुस्तकाले हात नाई लावत, वायफाय हाये म्हणून भितीले टेकून गेम खेयत बसतेत. अध्यक्ष म्हणतेत हाकलून दे. तुम्ही लिहिलं का ग्रंथपालच गेममंधी जाऊन बसले होते, हे खरं हाये का? अन् तिथं करत काय होते ते?
*(ग्रंथपाल, यवतमाळ जिल्हा)*

उत्तर : भाऊ, खरं आहे. आणि आधी एक विनंती, पोरांना हाकलू नका. अध्यक्षांना माझा निरोप सांगा की पोरगं वाचनालयाच्या भिंतीला टेकून बसलंय म्हणजे उंबरठा तर त्यानं ओलांडलाय, इथून पुढचं काम आपलं.

आता ते आभासी जग. त्याचं नाव सेकंड लाइफ, अमेरिकेतल्या लिंडन लॅब कंपनीनं २००३ मध्ये सुरू केलं, अजूनही चालू आहे. लोक गेम म्हणतात पण त्यात कोणी जिंकत नाही की हरत नाही, लेव्हल नाही, पॉइंट नाही, आपण एक बाहुला घ्यायचा, त्याला अवतार म्हणतात (शब्द आपलाच, तिकडे जाऊन आलाय), आणि त्या अवतारानं चालायचं, उडायचं, भेटेल त्याच्याशी टाइप करून नाहीतर माइकवर बोलायचं, जमीन घ्यायची, त्यावर काय पाहिजे ते बांधायचं. तिथला जमिनीचा एक तुकडा २५६ मीटर लांब अन् तेवढाच रुंद असतो, आपल्या हिशेबात साधारण १६ एकराचं वावर झालं.

२००६ मध्ये इलिनॉय राज्यातल्या अलायन्स लायब्ररी सिस्टिम नावाच्या संस्थेनं तिथं लायब्ररी उघडली. त्या भागातल्या लायब्रऱ्यांना मदत करणं हे तेव्हा तिचं रोजचं काम होतं. त्यांचं म्हणणं सरळ होतं, लोक जर संध्याकाळचे दोन-दोन तास तिकडं जातायत तर आपण इकडं रिकाम्या टेबलावर कशाला बसायचं. हळूहळू जागा वाढली, इन्फो आयलंड म्हणजे माहितीचं बेट उभं राहिलं, आणि वेगवेगळ्या देशांतले ग्रंथपाल आपापली नोकरी सांभाळून, घरून, फुकट, पाळ्या लावून तिथं बसायला लागले. एकाच्या गावात रात्र झाली की दुसऱ्याच्या गावात दिवस असतो, त्यामुळे टेबल बराच वेळ उघडं राहायचं.

मी ते बघितलंय. २००९ मध्ये नागपूरला कोर्स करत होते तेव्हा मैत्रिणीच्या भावाच्या कॉम्प्युटरवर, नेट इतकं हळू की आधी सगळं राखाडी दिसायचं, भिंती राखाडी, झाडं राखाडी, माणसं राखाडी, मग एकेक करून रंग भरायचे. त्या राखाडीतून एक बाई पुढं आली, म्हणजे बाईचा अवतार, आणि टाइप केलं, काही शोधताय का, मी मदत करू? मला तेव्हा इंग्रजी लिहायची भीती वाटायची, काही शोधत पण नव्हते, नुसतं बघायला गेले होते, मी तसं लिहिलं तर ती म्हणाली चला मी फिरवते. आणि वीसेक मिनिटं तिनं मला फिरवलं. मी आजवर किती वाचनालयांत गेले असेन, आपल्याकडं बऱ्याच ठिकाणी आधी विचारतात 'सभासद आहे का?', आणि त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी आधी विचारलं की काय पाहिजे.

त्या ग्रंथपालांना पण तिथं गेल्यावरच बरंच कळलं. आधी त्यांनी कपाटं उभी केली, कपाटात पुस्तकांचे खोके, खोक्यावर क्लिक केलं की मजकूर नाहीतर वेबसाइट उघडायची. पण तीनशे पानांची कादंबरी वाचायला बाहुला घेऊन कोण जाईल, ती तर घरी खाटेवर पडून वाचता येते. लोक यायचे ते माणसासाठी. आणि विचारायचे काय, तर बरेचसे प्रश्न त्या जगाबद्दलचेच, कपडे कसे बदलायचे, उडता येत नाहीये, अमुक बेट कुठं आहे. ग्रंथपाल तेही सांगायचे. आपल्याकडं नाही का लोक सातबारा कुठं मिळते, आधारचं सेंटर कुठं आहे हे वाचनालयातच येऊन विचारतात, तुम्ही सांगताच ना, तेच.

म्हणून भाऊ तुम्हाला तिकडं जायची गरजच नाही. त्या भिंतीजवळच्या पोराशेजारी जाऊन बसा आणि म्हणा, दाखव बरं काय खेळून रायला. तो दाखवेल, पोरांना दाखवायला लय आवडतं. गेममध्ये किल्ला असेल तर किल्ल्यांचं पुस्तक, गाडी असेल तर इंजिनाचं, जंगल असेल तर ताडोबाचं नाहीतर मेळघाटचं. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली, त्यातलं एक आहे, प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक. ते पोरगं वाचकच आहे, त्याचं पुस्तक अजून त्याला कोणी दिलं नाही एवढंच.

प्रश्न : मॅडम, मी बी.लिब. करतेय. आमच्या वर्गात सगळे म्हणतात की गूगल आणि एआय आल्यावर लायब्रेरियन कशाला पाहिजे. व्हर्च्युअल वर्ल्डमध्ये लायब्रेरियनचं एक्झॅक्ट काम काय असतं आणि त्यात करिअर आहे का?
*(विद्यार्थिनी, अमरावती)*

उत्तर : बाळा, सेकंड लाइफमधल्या त्या टेबलावर बसणारे बहुतेक जण फुकट काम करायचे, म्हणून करिअर म्हणून मी तुला ते सांगणार नाही, खोटी आशा दाखवायची नाही मला. पण तिथं ज्यांनी काम केलं ते एक गोष्ट शिकले जी कुठल्याही नोकरीत चालते, ती सांगते.

तुला कोर्समध्ये संदर्भ सेवा हा पेपर असेल. त्यात असतं की वाचक जे विचारतो ते त्याला पाहिजे असतंच असं नाही. आता समोर माणूस असला की आपण चेहरा बघतो, तो बाई आहे का बुवा, म्हातारा आहे का पोरगा, घाबरलाय का घाईत आहे. आभासी जगात हे सगळं जातं, समोर एखादा ड्रॅगन उभा असतो आणि तो विचारतो रक्ताच्या आजाराबद्दल काही आहे का. आता तो ड्रॅगन म्हणजे परीक्षेचा प्रोजेक्ट करणारा पोरगा आहे का कालच रिपोर्ट हातात आलेली आई आहे, हे तुला कसं कळणार? तर विचारूनच. हळूच, एकेक प्रश्न, नाव न विचारता, घर न विचारता. ही कला गूगलमध्ये नाही.

आणि आजाराचं उदाहरण मी उगाच घेतलं नाही. त्याच इन्फो आयलंडजवळ हेल्थइन्फो आयलंड नावाचं बेट होतं, अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या मदतीनं चालवलेलं, फक्त आरोग्याच्या माहितीसाठी. तिथले ग्रंथपाल कोणाला औषध सांगायचे नाहीत, हा त्यांचा पक्का नियम, ते फक्त भरवशाची माहिती कुठं आहे ते दाखवायचे, आणि त्याच आजाराचे लोक जिथं एकमेकांशी बोलतात त्या गटापर्यंत नेऊन सोडायचे. लोक तिथं मोकळं बोलायचे कारण अवतार असतो, खरा चेहरा नसतो.

आपल्या भागाचा विचार कर. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूरकडं सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, किती घरांत आहे. लग्नाचं ठरताना ती गोष्ट लपवली जाते, कारण बोललं की गावभर होते. वाचनालयात चार माणसं पेपर वाचत बसलेली असताना एखादी मुलगी ग्रंथपालाला विचारेल का की दोघंही सिकलसेलचे वाहक असले तर मुलाचं काय होतं? नाही विचारणार. अवतार घेऊन विचारेल, किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर विचारेल, किंवा चिठ्ठीवर लिहून पुस्तकात ठेवेल. तिला कुठून का होईना विचारता आलं पाहिजे आणि उत्तर देणाऱ्याला ती गोष्ट पोटात ठेवता आली पाहिजे.

तसंच शेतकऱ्याचं. गुलाबी बोंडअळीवर काय मारू असं कोणी विचारलं तर ग्रंथपालानं फवारणी सांगायची नाही, अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची नाहीतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस काढून हातात द्यायची, मराठीत नसेल तर सोबत बसून वाचून दाखवायची. एआय तुला एका सेकंदात दहा औषधांची नावं देईल, त्यातलं कोणतं खरं आणि कोणतं मनचं हे ओळखणारा माणूस गावात कोण आहे? वर्गातल्या मित्रांना हे विचार.

प्रश्न : माझा मुलगा सातवीत आहे, दिवसभर माईनक्राफ्ट. वेचणीला मजूर मिळत नाही, आम्ही नवरा-बायको वावरात असतो, घरी आलो की हा मोबाईलमध्ये. म्हणतो आई मी लायब्ररी बांधली. खरंच असं काही असतं की मला फसवतो?
*(एक आई, वर्धा जिल्हा)*

उत्तर : ताई, फसवत नाही तुमचा मुलगा. माईनक्राफ्ट म्हणजे ठोकळे रचून जग बांधायचं, आणि त्यात पुस्तक हा प्रकार खरंच आहे. कागद आणि चामडं जोडून पुस्तक होतं, ६ फळ्या आणि ३ पुस्तकं जोडून पुस्तकाचं कपाट होतं. अजून एक गंमत, त्यातल्या गावात बिनकामाचा गावकरी फिरत असतो, त्याच्याजवळ पुस्तक ठेवायचं उभं मेज नेऊन ठेवलं की तो ग्रंथपाल होतो, चष्मा वगैरे लावून. मला हे कळलं तेव्हा फार बरं वाटलं होतं, म्हणजे ज्यांनी तो गेम बनवला त्यांनाही वाटलं की गाव म्हटलं की त्यात ग्रंथपाल पाहिजे.

आणि ह्याच गेममधली एक लायब्ररी जगभर गाजली. रिपोर्टर्स विदाउट बॉर्डर्स ही पत्रकारांच्या स्वातंत्र्यासाठी काम करणारी संस्था, तिनं १२ मार्च २०२० ला माईनक्राफ्टमध्ये 'द अनसेन्सर्ड लायब्ररी' उघडली. मोठ्ठा घुमट, खांब, संगमरवरासारख्या भिंती, १६ देशांतल्या २४ जणांनी बांधली, सव्वा कोटी ठोकळे लागले. आत सुरुवातीला पाच देशांच्या खोल्या होत्या, रशिया, मेक्सिको, इजिप्त, सौदी अरेबिया आणि व्हिएतनाम. ज्या पत्रकारांचं लिखाण त्यांच्या देशात दाबलं गेलं त्यांचे लेख तिथं पुस्तकाच्या रूपात ठेवलेत. जमाल खाशोगी, ज्यांना २०१८ मध्ये इस्तंबूलच्या सौदी वाणिज्य दूतावासात मारलं, त्यांचं लिखाण पण आहे. युक्ती अशी की यातल्या काही देशांत वेबसाइट बंद आहेत पण गेम चालू आहे, पोरं गेममध्ये शिरतात आणि बंदी असलेला लेख वाचून येतात.

म्हणजे गेमच्या आत ठेवलेलं पुस्तक एवढं मोलाचं असू शकतं. वेळेचं मात्र तुम्हीच ठरवा, तासभर म्हणजे तासभर, डोळ्यांचा आणि झोपेचा प्रश्न आहेच, तो मी नाकारत नाही. पण आज रात्री जेवण झाल्यावर त्याला म्हणा, दाखव तुझी लायब्ररी, कोणतं पुस्तक ठेवलंस त्यात? कपाटं रिकामी असतील तर म्हणा आजीच्या दोन गोष्टी लिही त्यात. त्या गेममध्ये कोरी वही मिळते, तीत खरंच लिहिता येतं.

प्रश्न : एवढं चांगलं होतं तर मग आता कोणी त्याचं नाव काहून घेत नाही? उत्साहात सुरू होऊन बंद पडणाऱ्या योजना मी सदतीस वर्षं पाहिल्या आहेत.
*(निवृत्त मुख्याध्यापक, वाशीम जिल्हा)*

उत्तर : गुरुजी, तुमचा प्रश्न सगळ्यात रास्त आहे.

जमीन आपली नव्हती, हे पहिलं कारण. सेकंड लाइफमध्ये बेट घेतलं तरी दर महिन्याला कंपनीला पैसे भरावे लागतात. शाळा-कॉलेज-लायब्रऱ्यांना त्यात सवलत होती, २०१० मध्ये कंपनीनं जाहीर केलं की सवलत बंद. झालं, ज्यांना ग्रँटमधून जेमतेम भागवायचं होतं त्यांनी गाशा गुंडाळला. २०१३ मध्ये सवलत परत आली पण गेलेले फार थोडे परत आले. किशोरवयीन मुलांसाठी वेगळं टीन सेकंड लाइफ होतं, तिथंही ग्रंथपालांनी मुलांसोबत बेट उभं केलं होतं, ते अख्खं जगच २०११ च्या सुरुवातीला बंद झालं. मुलांनी तिथं बांधलेलं बरंच काही त्याच्यासोबत गेलं. मक्त्याच्या वावरात कोणी विहीर खोदत नाही गुरुजी, आणि ह्यांनी खोदली होती.

दुसरं, त्याला चांगला कॉम्प्युटर आणि चांगलं नेट लागायचं, लोक तेवढ्यात मोबाईलवर गेले.

पण सगळं संपलं असं मात्र नाही. त्या पहिल्या लायब्ररीची परंपरा कम्युनिटी व्हर्च्युअल लायब्ररी ह्या नावानं पुढं चालू राहिली, आणि हेल्थइन्फो आयलंडचं काम अपंग लोकांसाठी असलेल्या व्हर्च्युअल अ‍ॅबिलिटी ह्या संस्थेनं पुढं नेलं. ज्याला घराबाहेर पडता येत नाही, ज्याला खुर्चीतून उठता येत नाही, त्याच्यासाठी तिथं चालणं, नाचणं, व्याख्यानाला जाऊन बसणं ही मोठी गोष्ट आहे. तुम्ही सदतीस वर्षांत पाहिलेल्या योजनांमध्ये पण एखादी अशी असेलच गुरुजी, कागदावर बंद पडलेली आणि कोणाच्या तरी जन्माला पुरलेली.

प्रश्न : आमच्या शाळेत ६ जुने कॉम्प्युटर आहेत, नेट कधी असते कधी नसते, लाइटीचं तर विचारूच नका. मुलांसोबत असं काही करता येईल का? खर्च शून्य पाहिजे.
*(जि.प. शिक्षक, गडचिरोली जिल्हा)*

उत्तर : सर, येईल. लुआंटी म्हणून एक सॉफ्टवेअर आहे, आधी त्याचं नाव माईनटेस्ट होतं, माईनक्राफ्टसारखंच ठोकळ्यांचं, पण फुकट आणि मुक्त, साध्या कॉम्प्युटरवर चालतं. एकदा तालुक्याला जाऊन ते आणि त्यात खेळायचा गेम (तो वेगळा उतरवावा लागतो) पेन ड्राइव्हवर आणा, मग नेट नको. सहाही कॉम्प्युटर वायरनं नाहीतर राउटरनं एकमेकांना जोडले की मुलं एकाच जगात येतात, आणि ते जग तुमच्याच कॉम्प्युटरमध्ये राहतं, कोणी भाडं मागत नाही, कोणी बंद करत नाही. फक्त दर शनिवारी त्याची कॉपी दुसऱ्या पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, हे विसरू नका, हार्ड डिस्क सांगून जात नाही.

सोबत किविक्स पण आणा. त्यात मराठी विकिपीडिया उतरवून घेता येतो आणि नेटशिवाय वाचता येतो.

मग मुलांना सांगा आपलं गाव बांधा. शाळा, बोडी, गोटुल, आठवडी बाजार, आणि मधोमध वाचनालय. दर आठवड्याला एकाची पाळी ग्रंथपालाची. त्यानं गेममध्ये वाचनालयात उभं राहायचं, बाकीच्यांनी येऊन प्रश्न विचारायचे, मोहाच्या फुलात काय असतं, वैनगंगा कुठून येते, आणि ग्रंथपालानं उत्तर मनानं द्यायचं नाही, किविक्समध्ये नाहीतर शाळेच्या पेटीतल्या पुस्तकात शोधून, पान सांगून द्यायचं. नाही सापडलं तर नाही सापडलं म्हणायचं आणि आजोबांना विचारून उद्या सांगतो म्हणायचं. गोंडीत, माडियात उत्तर आलं तर ते तसंच लिहून ठेवा, ते पुस्तक दुसऱ्या कुठल्या लायब्ररीत नसेल.

एक काळजी घ्या, वाचनालयात कोणाचंही पुस्तक पूर्ण टाइप करून ठेवू नका. आपल्या कायद्यात लेखक गेल्यानंतर ६० वर्षं कॉपीराइट असतो. केशवसुत, गडकरी, साने गुरुजी ह्यांचं लिखाण आता मोकळं आहे, साने गुरुजी १९५० मध्ये गेले. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये गेले, त्यामुळे ६० वर्षं २०२८ च्या शेवटी भरतात. त्यांचं छापील पुस्तक वाचा, भजन म्हणा, मुलांनी स्वतःच्या शब्दात लिहिलेलं ठेवा.

प्रश्न : मी आठवीत आहे. मला गेममध्ये लायब्ररीवाली व्हायचं आहे. खरं नाव लिहू का? आणि कोणी वाईट बोललं तर काय करू?
*(बुलढाणा जिल्हा)*

उत्तर : खरं नाव नको लिहू बेटा. गाव नको, शाळा नको, फोटो नको, फोन नंबर तर नाहीच. एखादं छान नाव घे, नदीचं घे, पैनगंगा घे, आणि तेच नाव रोज वापर, म्हणजे लोक तुला त्या नावानं ओळखतील. सेकंड लाइफमधले मोठे मोठे ग्रंथपाल पण वेगळ्याच नावानं बसायचे.

कोणी वाईट बोललं तर उत्तर द्यायचं नाही, त्याला ब्लॉक करायचं, स्क्रीनशॉट काढायचा आणि त्याच दिवशी आईला नाहीतर ज्या बाईंवर तुझा विश्वास आहे त्यांना दाखवायचा, तुझी चूक नसते त्यात. आणि कोणी तुला विचारलेली गोष्ट तू दुसऱ्याला सांगायची नाही, मैत्रिणीला पण नाही, लायब्ररीवालीचा हा नियम आहे. पहिलं पुस्तक कोणतं ठेवणार आहेस ते मला कळव, लोणारच्या सरोवराबद्दल तू स्वतः लिहिलेलं असलं तर फारच छान, तुझ्याच जिल्ह्यात आहे ते.